वाशिमची काळी माती आणि घन पदार्थांतील आयनांचा प्रवास

वाशिमचे नाव निघाले की इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम वत्सगुल्म नगरीची आठवण होते. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट वाशिम येथे सापडला आणि १९३९ च्या सुमारास तो विद्वानांपुढे आला, तेव्हा या शाखेच्या इतिहासावर नवाच प्रकाश पडला. पुढे याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. राजवटींचा इतिहास असा तांब्यावर आणि पाषाणावर लिहिलेला आढळतो. परंतु १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात त्याहूनही जुने असे एक दप्तर शेतोशेती उघडे पडले आहे, ते म्हणजे तेथील काळी माती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले; ते थिजून काळा बसाल्ट झाला; आणि ऊन, पाऊस व काळ यांच्या माऱ्याने तो कुजून ही माती झाली. हे दप्तर वाचण्यास मनुष्याने गेल्या पावणेदोनशे वर्षांतच आरंभ केला. त्या वाचनातून जे एक सत्य हाती लागले, त्याचाच आधार आज जगातील प्रयोगशाळा पुन्हा भरता येणाऱ्या विद्युत्घटांची, म्हणजे नित्याच्या भाषेत बॅटऱ्यांची, नवी पिढी घडविताना घेत आहेत.

हे सत्य प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल असे आहे. दगड, वीट, काच, चिनी माती यांना घन म्हणण्याचा प्रघात आहे, आणि घन म्हणजे ज्याचे कण आपापल्या जागी खिळलेले आहेत असा पदार्थ, ही समजूतही तितकीच रूढ आहे. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युत्भारित कण मोकळे होऊन पाण्यात हिंडू लागतात, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. या विद्युत्भारित कणांनाच आयन म्हणतात. परंतु घनाच्या पोटातूनही आयन प्रवास करू शकतात, आणि घनाची घडण तसूभरही न मोडता ते एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडू शकतात, ही गोष्ट पटावयास विद्वानांनाही फार काळ लागला.

या कथेचा आरंभ एका शेतकऱ्याच्या शंकेतून झाला. इंग्लंडातील यॉर्क परगण्यात हॅरी स्टीफन थॉम्प्सन नावाचे एक जमीनदार होते. शेणखतातील व मुतारीतील अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून का जात नाही, ही त्यांची शंका. १८४५ साली यॉर्क येथील औषधविक्रेते स्पेन्स यांच्या साहाय्याने त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळीत माती भरून तिच्यावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले, आणि खाली झिरपलेले पाणी तपासले. त्यात अमोनियम सल्फेट जवळपास नव्हतेच. त्याच्या जागी जिप्सम, म्हणजे चुन्याचे सल्फेट, निघाले. मातीने अमोनिया स्वतःजवळ ठेवून घेतला होता आणि त्याच्या बदली चुना मोजून परत दिला होता.

थॉम्प्सन यांचा हा प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ जे. टॉमस वे यांनी त्याची कसून छाननी केली. अमोनियम, पोटॅशियम, सोडियम, असे एकामागून एक क्षार त्यांनी मातीतून गाळले. प्रत्येक खेपेस जितका क्षार मातीने घेतला, तितक्याच भाराचा चुना तिने सोडला. वाळूच्या अंगी हा गुण नाही, तो मातीतील चिकण अंशाचा आहे. आणि त्याचे मूळ ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या संयुगांत आहे, असा निष्कर्ष वे यांनी काढला. त्या काळी कृषिरसायनात जर्मनीचे लीबिग यांचा शब्द प्रमाण मानला जात असे. त्यांनी या निष्कर्षास विरोध केला. परंतु १८५८ साली आइखहॉर्न यांनी माती बाजूस ठेवून थेट झिओलाइट नावाच्या स्वच्छ स्फटिकांवरच हा प्रयोग केला, आणि तेथेही तीच देवघेव दिसली. एवढेच नव्हे, तर ती उलटही करता येते, दिलेला आयन पुन्हा परत घेता येतो, हेही त्यांनी दाखविले. ही देवघेव एकमार्गी आहे असे वे मानीत. तो त्यांचा समज येथे दूर झाला.

हे झिओलाइट महाराष्ट्राला परके नाहीत. दख्खनच्या बसाल्टात ठिकठिकाणी जुन्या वायूच्या बुडबुड्यांची भगदाडे असतात; त्यांत स्टिल्बाइट, ह्युलांडाइट, स्कोलेसाइट अशा नावांचे पांढरे, गुलाबी, पारदर्शक स्फटिक वाढलेले आढळतात. पुणे, नाशिक, जळगाव या बाजूंच्या खाणींतील असे स्फटिक जगातील संग्रहालयांत मांडले गेले आहेत. तापविले असता त्यांतून वाफ निघते व ते उकळल्यासारखे दिसतात, म्हणून १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी त्यांना 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. पाणी निघून गेले तरी स्फटिकाचा सांगाडा तसाच उभा राहतो, याचे कारण त्याच्या पोटात मुळातच बोगदे आणि कोठड्या आहेत. त्या बोगद्यांत सोडियम व कॅल्शियमचे आयन राहतात आणि त्यांतूनच ते बाहेर पडतात.

बसाल्टापासून झालेल्या काळ्या मातीची रचना याहून निराळी आहे; तीत बोगदे नसून पदर आहेत. तिच्यातील मुख्य चिकण खनिजाचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. एखाद्या पोथीची पाने एकावर एक ठेवावीत तशी त्याची पाने रचलेली असतात, आणि प्रत्येक पानाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लक्षाव्या भागाइतकी असते. १९३३ साली हॉफमन, एंडेल व विल्म यांनी ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने मांडली. या पानांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असल्यामुळे पानांवर ऋण भार राहतो, आणि तो फेडण्यासाठी पानापानांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धन आयन येऊन वसतात. पाने पक्की असतात आणि मधली वस्ती फिरती असते. पाणी मिळाले की पानांमधील अंतर वाढते व माती फुगते. पाणी आटले की ती आकसते. वैशाखात वाशिम, रिसोड, मालेगावच्या भारी जमिनीला ज्या हातभर खोल भेगा पडतात, त्यांचे मूळ या अदृश्य पानांच्या आकुंचनात आहे.

शेतकऱ्याने सोयाबीनला किंवा कपाशीला खत दिले म्हणजे थॉम्प्सनच्या नळीतील प्रयोगच त्याच्या शेतात घडतो. अमोनियम व पोटॅशियमचे आयन मातीच्या पानांत शिरतात, कॅल्शियम बाहेर येतो, आणि पिकाची मुळे पुढे सावकाश त्या साठ्यातून उचल करतात. हीच देवघेव वाईट मार्गासही लागू शकते. वाशिमचे पठार उत्तरेस उतरून गेले म्हणजे अकोल्याच्या बाजूस पूर्णा नदीचे खोरे लागते. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील त्या खोऱ्यात खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथे मातीच्या पानांमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियमने ठाण मांडले आहे. सोडियमच्या सहवासात चिकणमातीचे कण एकमेकांस धरून राहत नाहीत. ते सुटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी निचरत नाही. अशा जमिनीस जिप्सम द्यावे, असे कृषिशास्त्र सांगते, ते यासाठी की जिप्सममधील कॅल्शियमने सोडियमला जागेवरून उठवावे. थॉम्प्सनच्या नळीतून जे जिप्सम अनपेक्षितपणे बाहेर पडले होते, तेच येथे औषध म्हणून आत घालावे लागते.

मातीतील हा प्रवास पाण्याच्या पातळ पापुद्र्याच्या आधाराने होतो, हे मात्र विसरून चालणार नाही. पाण्याचा थेंबही नसता, निखळ कोरड्या घनातून आयन चालतो काय, हा पुढचा आणि अधिक कठीण प्रश्न. त्याचे पहिले उत्तर मायकेल फॅरडे यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडचा तुकडा विद्युत्प्रवाहाच्या मार्गात ठेवून त्यांनी तो दिव्याने तापविला, तो प्रवाह वाढला. थंड केला, तो प्रवाह घटला. धातूंचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. लेड फ्लोराइडही तापल्यावर, घन असतानाच, वीज वाहू देते असे त्यांना आढळले. १८३४ साली त्यांनी 'आयन' हा शब्द प्रचारात आणला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा' असा आहे, आणि तो पुढे घन पदार्थांच्या बाबतीतही सार्थ ठरला.

यानंतरची पायरी काचेची. वाशिमच्या पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे प्रसिद्ध विवर आहे. बसाल्टात खोदले गेलेले हे विवर उल्कापाताने झाले असून त्यातील सरोवराचे पाणी सोडियमच्या क्षारांनी भरलेले आहे. या क्षारांचा व्यापार पूर्वी चालत असे. सोडा हा काचेचा एक मुख्य घटक. वाळूत सोडा व चुना मिसळून ती वितळविली म्हणजे काच होते. नित्याच्या काचेत म्हणून सोडियमचे आयन असतातच. १८८४ साली जर्मनीत वारबुर्ग यांनी तापविलेल्या काचेच्या दोन्ही बाजूंस पाऱ्यात मिसळलेले सोडियम ठेवून विजेचा प्रवाह सोडला. एका बाजूचे सोडियम काचेत शिरले आणि तितकेच दुसऱ्या बाजूस बाहेर आले. काच मात्र जशीच्या तशी राहिली. वाळूचा सांगाडा उभा होता आणि सोडियम त्यातून वाट काढीत गेले. पाणी नसतानाही घन पदार्थ वाट देतो, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होता. पुढे १८९७ साली वाल्टर नेर्न्स्ट यांनी झिर्कोनियमच्या ऑक्साइडात य्ट्रियमसारख्या मूलद्रव्यांचे ऑक्साइड मिसळून विजेचा दिवा बनविला. थंड असता तो पेटत नसे, आधी त्यास ऊब द्यावी लागे. त्यातून ऑक्सिजनचे आयन चालत होते, पण त्यांच्या चालण्याची रीत नीट उलगडण्यास १९४३ साल उजाडले. ते काम कार्ल वाग्नर यांनी केले.

ही रीत एखाद्या पंगतीच्या दृष्टांताने समजते. पंगत गच्च भरलेली आहे, एकही पाट रिकामा नाही, तर कोणालाही जागा बदलता येणार नाही. पण मधला एक जण उठून गेला, की त्याच्या शेजारचा सरकून त्या पाटावर बसतो, मग त्याच्या शेजारचा त्याच्या जागी, आणि असे करता करता माणसे एका दिशेस व रिकामा पाट उलट दिशेस सरकत जातो. स्फटिकातही कधी कधी एखादी जागा रिकामी राहिलेली असते, किंवा एखादा आयन आपली जागा सोडून दोन रांगांच्या मधल्या बोळात उभा राहिलेला असतो. या दोन प्रकारच्या दोषांचे शास्त्र रशियाचे फ्रेंकेल यांनी १९२६ साली, आणि वाग्नर व शॉट्की यांनी १९३० साली मांडले. निर्दोष स्फटिकातून आयन चालणार नाही. स्फटिकाच्या उणिवेतच त्याची वाट आहे. उष्णतेने कण जितके अधिक थरथरतील, तितक्या उड्या अधिक पडतील. फॅरडेच्या दिव्याचे आणि नेर्न्स्टच्या उबेचे सामान्य कारण हेच.

परंतु सगळ्या घनांत रिकामे पाट इतके मोजके नसतात. १९१४ साली टूबांट व लोरेंट्स यांनी सिल्व्हर आयोडाइड तापविले, तेव्हा १४७ अंश सेंटिग्रेडला त्याची वाहकता एकाएकी हजारो पटींनी वाढली. त्याहून आश्चर्य असे की, पुढे साडेपाचशे अंशांच्या पलीकडे तो पदार्थ वितळला, तेव्हा वाहकता वाढावयाची ती थोडी घटली. वितळलेल्या स्थितीपेक्षा घन स्थितीत आयन अधिक सुलभतेने धावत होते! याचा उलगडा क्ष-किरणांनी केला. आयोडीनचे मोठे आयन मांडवाच्या खांबांसारखे जागच्या जागी उभे असतात. चांदीच्या लहान आयनांना बसण्यासारख्या जागा मात्र त्यांच्या संख्येच्या कितीतरी पट असतात, म्हणून ते एका जागेवरून दुसरीवर जवळपास विनासायास जातात.

एवढे ज्ञान हाती असूनही बॅटरीच्या कामी ते दीर्घकाळ आले नाही, कारण चांदी महाग आणि १४७ अंशांचे उष्णतामान गैरसोयीचे. कलाटणी मिळाली ती १९६७ साली. अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत याओ व कुमर यांनी बीटा-ॲल्युमिना नावाचा पदार्थ तपासला. यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाड थर आणि त्यांच्या मध्ये सोडियम आयनांचे विरळ पदर असतात. त्यांनी या स्फटिकांना वितळलेल्या निरनिराळ्या क्षारांत बुडविले, आणि सोडियम बाहेर येऊन त्याच्या जागी चांदी, पोटॅशियम इत्यादींचे आयन गेलेले त्यांना आढळले. थॉम्प्सन व वे यांनी मातीवर केलेलीच ही परीक्षा, फक्त पाण्याऐवजी वितळलेल्या क्षारात केलेली. काळ्या मातीच्या पानांची आणि बीटा-ॲल्युमिनाच्या थरांची घडण निराळी, मूलद्रव्यांची मांडणी निराळी. पण पक्के थर आणि त्यांच्या मध्ये फिरती वस्ती, ही योजना दोन्हीकडे एकच. या पदार्थाच्या आधारे फोर्ड कंपनीने सोडियम व गंधक यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी उभारली. तिच्यात द्रव सोडियम एका बाजूस, द्रव गंधक दुसऱ्या बाजूस आणि मध्ये घन भिंत असते. ती सुमारे तीनशे अंशांवर चालते. पुढे जपानमध्ये अशा बॅटऱ्या वीजकेंद्रांच्या साठवणीसाठी वापरात आल्या.

येथे या भिंतीचे कार्य नेमके समजून घेणे अवश्य आहे. कोणत्याही बॅटरीस दोन टोके असतात. एका टोकावरील परमाणू आपला इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होतो. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने जाऊन पंप फिरवितो वा दिवा पेटवितो. आयनाने मात्र आतून दुसऱ्या टोकास जावयाचे असते. आतली वाट अशी असली पाहिजे की आयनास मोकळीक आणि इलेक्ट्रॉनास मज्जाव. इलेक्ट्रॉनही आतूनच गेला, तर बाहेर काम करावयास कोणीच उरत नाही. बॅटरी भरताना हाच सर्व व्यवहार उलट होतो. १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीत ही आतली वाट द्रवाची असते, आणि तो द्रव ज्वालाग्राही असतो. जी आग लागल्याच्या वार्ता अधूनमधून येतात, त्यांत या द्रवाचा मोठा वाटा असतो. द्रव काढून त्याच्या जागी घन भिंत उभी करावी, हा आजच्या प्रयत्नांचा सारांश.

तो प्रयत्न एका ठिकाणचा नाही. १९७२ साली हृदयाची गती राखणाऱ्या यंत्रात लिथियम व आयोडीन यांची घन माध्यमाची बॅटरी बसविण्यात आली, आणि ती मनुष्याच्या छातीत वर्षानुवर्षे टिकली; ती पुन्हा भरता येत नाही, पण विश्वासाला उतरते. १९७६ साली जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटच्या बोगद्यांची आठवण करून देणाऱ्या सांगाड्यातून सोडियम तिन्ही दिशांनी धावेल असा नवा पदार्थ घडविला. बीटा-ॲल्युमिनात वाट एकाच पदरात, सपाट अशी आहे. येथे ती चहूकडे आहे. २००७ साली जर्मनीतील कील येथे रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन थंगदुराई या दोन भारतीयांनी वेर्नर वेप्नर यांच्यासह गार्नेट रत्नाच्या घडणीचा लिथियमवाहक सादर केला. २०११ साली जपानमध्ये कान्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधकयुक्त असा पदार्थ दाखविला, ज्याची लिथियमवाहकता नेहमीच्या उष्णतामानात द्रवाच्या बरोबरीस येते. घन हा द्रवाहून मंदच असणार, हा जुना आक्षेप येथे गळून पडला.

मग अशा बॅटऱ्या घरोघरी का दिसत नाहीत? याचे उत्तर पुन्हा काळ्या मातीत सापडते. द्रव कोणत्याही खाचेत शिरून टोकाशी चिकटून बसतो. घनाचे घनाशी तसे होत नाही. बॅटरी भरताना व रिकामी होताना टोके फुगतात व आकसतात, जशी पावसाळ्यात व उन्हाळ्यात काळी जमीन. दर खेपेस थोडी फट पडते, आणि फटीतून आयन उडी मारीत नाही. शेतकरी वखर फिरवून भेगा बुजवितो. बॅटरीच्या आत वखर चालत नाही, म्हणून तेथे बाहेरून दाब द्यावा लागतो किंवा मऊ थर मध्ये घालावा लागतो. दुसरे संकट असे की, लिथियम धातूचे केसासारखे तंतू घन भिंतीतील कणांच्या सांध्यांतून वाढत जातात आणि दोन्ही टोके आतल्या आत जोडून टाकतात. तिसरे संकट खर्चाचे. या तिन्हींवर उपाय निघत आहेत, परंतु संपूर्ण घन बॅटरी अद्यापि मोटारींत सर्रास वापरली जात नाही.

भारतास लिथियमची चणचण आहे, सोडियमची नाही. पुण्यातील केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने आयसर पुणे येथील संशोधकांच्या सहकार्याने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. तो मार्ग घन माध्यमाचा नसला, तरी सोडियमसारख्या विपुल मूलद्रव्याचा आयन विजेच्या साठवणीत राबविण्याचा विचार महाराष्ट्रात मूळ धरू लागला आहे, हे त्यावरून दिसते.

वाशिमसारख्या जिल्ह्याला या साऱ्याचे महत्त्व केवळ कुतूहलाचे नाही. २०१८ साली नीती आयोगाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत वाशिम आहे. येथील शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते, आणि जेथे विहीर आहे तेथे महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांप्रमाणे येथील शेतकऱ्यासही रब्बीचे ओलीत रात्री, थंडीत, सापविंचवाच्या भयात करावे लागत आले आहे, कारण पंपाची वीज रात्री मिळते. दिवसा शेतीला सौर वीज देण्याच्या योजना महाराष्ट्रात २०१७ पासून सुरू झाल्या. तथापि सूर्य मावळला की त्यांचे काम थांबते. दिवसाचे ऊन रात्रीसाठी राखून ठेवणारी, आग न लागणारी, वैशाखाच्या उकाड्यात न बिघडणारी आणि परवडणारी बॅटरी मिळाली, तर त्या शेतकऱ्याच्या झोपेचा प्रश्न सुटेल. तिच्या पोटातील भिंत कोणत्या द्रव्याची असेल हे आज ठरलेले नाही. मात्र तिने जे करावयाचे आहे, ते वाशिमची माती पाण्याच्या साहाय्याने केव्हापासून करीत आहे. स्वतः अचल राहून इतरांस वाट देणे, घेतलेले जपणे आणि मागितल्यावर परत करणे, हाच तिचा धर्म. थॉम्प्सनने आपल्या काचेच्या नळीत तोच प्रथम पाहिला होता.